एका हुकाला दोन विहिणी

माझी विहीण काटोलची, संत्र्यांच्या व्यापाऱ्याची बायको. उंच बांधा, काठाची साडी, डोक्यावरून पदर आणि बोलताना तोंडापुढं रुमाल. हसू आलं तरी रुमाल, शिंक आली तरी रुमाल. लग्नाच्या बैठकीपासून मी तो रुमाल पाहत होते, आणि माझी अशी पक्की समजूत झाली होती की तो माझ्यासाठी आहे.

अशी समजूत व्हायला कारण होतं. माझ्या मुलाचं आणि त्यांच्या मुलीचं ऑफिसात जमलं. दोन्ही घरांत आधी आरडाओरडा झाला, मग अबोला, आणि शेवटी सगळे हो म्हणाले. लग्नही दोनदा लागलं. सकाळी नागपुरात आमच्या पद्धतीनं, त्रिशरण-पंचशील घेऊन, आणि संध्याकाळी काटोलच्या एका हॉलमध्ये त्यांच्या पद्धतीनं, अंतरपाट धरून. दोन्हीकडं नवरानवरी खुशीत होती आणि दोन्हीकडं आम्ही आया गप्प होतो. सकाळच्या जेवणाला मी स्वतः ताट घेऊन विहीणबाईंकडं गेले, तर त्या रुमालाआडून म्हणाल्या, "मले उपास आहे." साबुदाण्याची उसळ करायला सांगते म्हटलं, तर नको म्हणाल्या. पाणी पुढं केलं, तेही नको.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतली. पाणी नको म्हणणाऱ्या माणसाकडं पाहून काय समजायचं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. मी ग्लास उचलला, हसले, आणि पुढच्या पंगतीकडं गेले. त्यानंतर चौदा महिने आमचं बोलणं "तब्येत बरी?" आणि "हो, बरी" याच्या पुढं गेलं नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी विहीणबाई एसटीनं नागपूरला आल्या. रामदासपेठेत काही काम होतं म्हणे. मी स्वतः रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं लोकांचं रक्त काढत आलेय, तिथल्या गल्लीगल्लीतले डॉक्टर मला ठाऊक, पण मला काही त्यांनी विचारलं नाही. लेकीच्या फ्लॅटवर राहिल्या. रविवारी सकाळी सुनेचा फोन आला.

"आई, आम्ही मम्मीले काटोलले सोडाले जाऊन राहिलो. तुम्हीबी चला नं. तुम्ही आमचं घर पाह्यलंच नाही अजून."

आमच्या ह्यांचा गुडघा दुखत होता, ते घरीच राहतो म्हणाले. मलाही एखादं दुखणं सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण सुचलं नाही. अर्ध्या तासात मी गाडीच्या मागच्या सीटवर होते. मुलगा चालवत होता, सून त्याच्या शेजारी, मागं आम्ही दोघी. आमच्या दोघींच्या मध्ये एक भरलेली थैली होती. संत्री. काटोलहून लेकीसाठी आणलेल्यांतली उरलेली विहीणबाई परत घेऊन चालल्या होत्या, कारण लेक म्हणाली होती, फ्रिजमध्ये जागा नाही.

शहर मागं पडलं, कापणी झालेली वावरं आणि मधूनमधून संत्र्यांचे बगीचे दिसायला लागले, तशी विहीणबाईंनी एकदम पुढच्या सीटवर थाप मारली.

"जावईबापू, थांबवा बरं."

मुलानं घाबरून गाडी कडेला घेतली. त्याला वाटलं त्यांना मळमळतंय. मला वाटलं त्यांना बाथरूमला जायचंय. त्यांनी काच खाली केली आणि रुमाल धरलेल्या हातानंच उजवीकडं बोट दाखवलं.

"थो झुला पाहाचा आहे."

रस्त्याच्या पलीकडं एक वॉटर पार्क होतं. रंगीत घसरगुंड्या, भोवती कुंपण, आणि त्या सगळ्याच्या वर, त्यांच्याशी काही संबंध नसल्यासारखी उभी एक उंचच उंच लोखंडी कमान. कमानीच्या माथ्यावरून तारा खाली आलेल्या आणि त्या तारांच्या टोकाला तीन माणसं पोटावर लटकलेली. कोणी तरी त्यांना मागून वर खेचत होतं. वर, आणखी वर. मग क्षणभर सगळं थांबलं, आणि ती तीन माणसं सुटली. ती खाली आली, जमिनीला लागतात की काय असं वाटलं, आणि सूं करून पुढं निघून आकाशात गेली. त्यांची किंकाळी आमच्यापर्यंत जरा उशिरानं पोचली.

"बाप्पा!" विहीणबाई म्हणाल्या. रुमाल त्यांच्या मांडीवर पडला होता, तो त्यांनी पटकन उचलला.

सून तर टाळ्याच वाजवायला लागली. आपल्या आईनं आजवर आपणहून काही पाहायचं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. आम्ही आत गेलो.

आधी ती दोघं बसली. माझा मुलगा घरून निघताना फार मोठ्या गप्पा मारतो. लहानपणी रक्त तपासायला सुई दाखवली की टेबलाखाली जायचा, ते मी सुनेला अजून सांगितलेलं नाही. वर जाताना तो आम्हाला हात दाखवत होता. सुटल्यावर त्याचा आवाजच आला नाही, सुनेचाच आला, आणि तोही हसण्याचा. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा कच्च्या पपईच्या रंगाचा झाला होता. तो सरळ चालत गेला आणि एका झाडाला धरून उभा राहिला. सून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि इतकी हसत होती की तिलाच कोणीतरी धरायला हवं होतं.

मी हे पाहत असताना माझ्या कानाशी कोणीतरी हळूच बोललं.

"विहीणबाई, आपण बसाचं का?"

मी वळून पाहिलं. त्या समोरच पाहत होत्या, जणू दुसरंच कोणी बोललं.

आता खरं सांगायचं तर मला उंचीची भीती वाटते. गच्चीवर पापड वाळवतानाही मी कठड्यापासून चार हात लांब राहते. पण लॅबमध्ये, घरात, नातेवाइकांत माझी ख्याती अशी की ही बाई कशाला भीत नाही. आणि जगातल्या सगळ्या माणसांपैकी ज्या एका माणसासमोर मला "नाही, मला भीती वाटते" म्हणायचं नव्हतं, ते माणूस आत्ता मला विचारत होतं.

"बसू की," मी म्हटलं.

"दोघी सोबत असल्या तं बरं राहीन," त्या म्हणाल्या. "एकटीनं तं मी बी नाही बसत."

माझी सगळी आशा झुल्यावरच्या माणसावर होती. चांगला पन्नाशीचा, पिळदार मिशीचा, गळ्यात शिट्टी. तो वयाकडं पाहून नाही म्हणेल, असं मला वाटत होतं. त्यानं वयाकडं पाहिलंच नाही, साडीकडं पाहिलं.

"साडीवर नाही चालत, काकू. पट्टे बसत नाहीत."

मी तर जांभळ्या पंजाबी ड्रेसमध्ये होते, पण विहीणबाईंची साडी काठाची, चापूनचोपून नेसलेली. सुटलो, असं मला वाटलं.

"मंग कशावर चालते?" विहीणबाईंनी विचारलं.

पाण्यात खेळणाऱ्यांसाठी तिथं कपडे भाड्यानं मिळत. त्यानं निळी नायलॉनची पँट आणि पिवळा टी-शर्ट असा जोड दाखवला. टी-शर्टवर उड्या मारणारा मासा होता. व्याह्यांसमोर कधी डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाईनं तो जोड हातात घेतला, उलटून पाहिला, आणि विचारलं, "खोली कोठी आहे?"

मी कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभी राहिले. दारावरून आधी साडी आली, ती मी घडी घालून हातावर घेतली. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग आवाज आला.

"विहीणबाई, आत या बरं. नाडी बसून नाही राहिली."

आत त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. पिवळा टी-शर्ट, त्यावर मासा, खाली निळी पँट, तिची नाडी एका हातात. डोक्यावर पदर नाही. चौदा महिन्यांत मी त्यांचे कान पहिल्यांदा पाहिले. लहानसे होते आणि लालेलाल झाले होते.

"मले आजवर असं कोणी पाह्यलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी रोज दहा जणांना याच्याहून वाईट अवस्थेत पाहते," मी म्हटलं आणि रक्त काढताना दंडाला पट्टा आवळतात तशी त्यांची नाडी आवळून बांधून दिली. "हं. आता सुटणार नाही."

"सुटली तं?"

"तर आपण दोघी काटोल-नागपूर सोडून पळून जाऊ."

त्या हसल्या. हात लगेच तोंडावर गेला, कारण रुमाल साडीत राहिला होता.

बाहेर सून आम्हाला पाहून खालीच बसली. ती "मम्मी! मम्मी!" एवढंच म्हणत राहिली. मुलानं झाड सोडून फोन काढला. झुल्यावाल्यानं मात्र आम्हाला फार गंभीरपणे घेतलं. एक एक प्रश्न विचारत गेला.

"ब्लड प्रेशर?"

"नाही," मी म्हटलं. सकाळीच पाहिलं होतं, एकदम नॉर्मल. त्या दिवशी मला त्याचा फार राग आला.

"शुगर?"

"नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"हार्ट?"

"आहे."

त्याची पेन्सिल थांबली. "आहे म्हणजे? काय त्रास आहे?"

"तरास काहून राहीन? छातीत आहे. सगळ्याइले राहते."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं पुढं लिहिलं. मग त्यानं एक प्लास्टिकचा ट्रे पुढं केला. चष्मा, मोबाइल, बांगड्या, कानातलं, सगळं यात काढा. "नकली दात असतील तर तेही. वर निसटले तर सापडत नाहीत."

मी माझा वाचायचा चष्मा ठेवला. विहीणबाईंनी बांगड्या ठेवल्या, एक एक करून. मग थांबल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तिकडं पाहा बरं थोडं."

मी तिकडं पाहिलं. ट्रेमध्ये टक् असा आवाज झाला. वळले तर माझ्या चष्म्याशेजारी समोरचे वरचे चार दात होते, गुलाबी कवळीसकट. आणि विहीणबाई हात खाली सोडून माझ्यासमोर उभ्या होत्या.

"दोन वर्सं झाले," त्या म्हणाल्या. दात नसल्यामुळं त्यांचा 'स' कुठल्या कुठं निसटत होता. "गोठ्यात घसरलो. पोरीलेबी माहीत नाही. हे ढिले होते, तोंडातून पडाले पाहत. रामदासपेठेत यासाठीच येतो."

आमच्याकडं जुन्या बायका "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात. पण त्या क्षणी ते वाक्य ऐकताना मला ते फार गोड वाटलं. रुमाल दातांसाठी होता. चौदा महिने मी त्या रुमालाचा अर्थ लावत होते आणि तो बिचारा फक्त दात सांभाळत होता.

त्यानं आम्हाला पट्टे चढवले. खांद्यावरून, मांडीवरून, पोटावरून. लहान मुलाला झोळीत घालतात तसं, फक्त ही झोळी जाड पट्ट्यांची होती आणि पाठीवर तिला लोखंडी कडी होती. आम्हाला शेजारी शेजारी उभं करून त्यानं दोघींच्या कड्या एकाच मोठ्या हुकात अडकवल्या, खट् करून लॉक केल्या, ओढून पाहिल्या, पुन्हा ओढून पाहिल्या.

"एकमेकींच्या दंडात दंड घाला. उजव्या बाजूच्या काकू, ही लाल मूठ तुमच्या हातात. वर पोचलात की मी मोजीन. एक म्हटलं की जोरात ओढायची. मी नाही ओढणार, तुम्हीच ओढायची."

उजव्या बाजूची काकू मी होते.

मग आमच्या पायाखालची फळी खाली गेली आणि आम्ही पुढं झुकून पोटावर आडव्या झालो. हवेत. गालाला गाल लागेल इतक्या जवळ. दंडात दंड. मी आयुष्यात माझ्या बहिणीलाही इतकी चिकटून झोपले नव्हते.

मागून तार आम्हाला खेचायला लागली. पाय आधी, डोकं मागून, असं आम्ही वर निघालो. सून खाली खाली जात होती आणि लहान लहान होत होती. मोटारीचा घर्र आवाज, बाकी काही नाही.

"डोळे मिटू नका वं," विहीणबाई म्हणाल्या. "हे पाहा, थे आपली गाडी. थो रस्ता. मी दर खेपेले बसच्या खिडकीतून पाहतो हा झुला. कंडक्टर तिकीट मागते, मी इकडंच पाहत राहतो. चार खेपा झाल्या. घरी सांगतलं नाही. काय सांगू, कोणाले?"

मग मोटार थांबली.

तिथं वर जी शांतता होती, ती मी कधी विसरणार नाही. थंडीतलं स्वच्छ ऊन होतं. संत्र्यांचे बगीचे हिरव्या ठिपक्यांच्या रांगांसारखे पसरले होते. दूर नागपूरच्या इमारती धुरकट दिसत होत्या. एक बगळा उडत होता, आणि तो आमच्या खाली होता. बगळ्याची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"तीऽऽन!" खालून आवाज आला. "दोऽऽन! एऽऽक!"

माझा हात हललाच नाही.

"काकूऽऽ, ओढा!"

"ओढता का?" विहीणबाईंनी विचारलं.

"थांबा जरा."

"बरं." त्या थांबल्या. वाऱ्यानं आम्ही किंचित डुलत होतो. मग त्या म्हणाल्या, "विहीणबाई, एक सांगू? लग्नाच्या दिवशी नं... मले उपाफ नोता."

"काय?"

"उपाफ!"

"काय उपाफ?"

"अवो उपाफ, उपाफ! साबुदाण्याचा! मले नोता उपाफ!"

मला कळलं तेव्हा मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. पोटावर उलटं लटकलेल्या माणसाचं पाणी सरळ खालीच पडतं. ते कुठं पडलं मला माहीत नाही.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"माहीत होतं? मंग म्हनल्या काहून नाही?"

"कशी म्हणू? पोराचं लग्न होतं."

खाली शिट्टी वाजली. झुल्यावाला दोन्ही हात हलवत होता.

"माझी नणंद पाहून राहिली होती," विहीणबाई म्हणाल्या. "तिच्यासमोर..." मग त्यांनीच स्वतःला अडवलं. "नाही. नणंदेचं नाव कायले घेऊ खोटं. मीच भेलो. पाण्याचा गिलास होता फक्त, अन् मी भेलो."

लाल मूठ माझ्या हातात घामानं ओली झाली होती.

"ओढ नं वं आता!" त्या एकदम ओरडल्या.

"तूच ओढ!" मी ओरडले. चौदा महिन्यांचं 'तुम्ही' तिथं वर कधी गळून पडलं, कळलंच नाही.

त्यांनी दुसरा हात पुढून माझ्या अंगावरून आणला, माझ्या हातावर घट्ट धरला, आणि माझा हात, मूठ, सगळं एकदम ओढलं.

आम्ही पडलो.

मी पडले आणि माझं पोट वरच राहिलं. ते नंतर आलं. जमीन दोन्ही हात पसरून धावत आली. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी यापूर्वी फक्त प्रसूतीच्या वेळी काढला होता. शेजारून "मायवंऽऽऽ" असा लांबलचक सूर लागला होता. सुनेचा चेहरा, झाड, पिवळी घसरगुंडी हे सगळं खालून सर्रकन गेलं, आणि मग जमीन दूर जायला लागली, आम्ही वर चढायला लागलो, चेहऱ्यासमोर नुसतं निळं आकाश आलं, आणि अगदी वरच्या टोकाला एक क्षण असा आला की मला वजनच नव्हतं. चष्मा नव्हता, वय नव्हतं, गुडघे नव्हते. मी हसत होते. कशाला हसतेय ते मला माहीत नव्हतं आणि थांबवता येत नव्हतं.

मागं येताना विहीणबाईही हसत होत्या. दातांशिवायचं, मोकळं, फसफसणारं हसू. दुसऱ्या झोक्याला पलीकडच्या रस्त्यावरून काटोलची लाल एसटी चालली होती. विहीणबाईंनी दंड सोडवून घेतला आणि दोन्ही हात पसरले.

"ए बाईऽऽ!" त्या बसला ओरडल्या. "पाह्य इकडंऽऽ!"

खिडकीत कोणी होतं की नाही, कोण जाणे. मीही हात पसरले. आम्ही दोघी पिवळ्या आणि जांभळ्या घारींसारख्या त्या पार्कवरून पुढं गेलो आणि मागं आलो, पुढं गेलो आणि मागं आलो, आणि प्रत्येक वेळी पोटात जो गोळा उठायचा त्याची मी वाट पाहायला लागले. झोके लहान व्हायला लागले तसं मला वाईट वाटायला लागलं.

थांबायची रीत अशी, की खालचा माणूस लांब काठीला बांधलेला दोरीचा फास पुढं धरतो आणि आपण तो जाताजाता पकडायचा. आम्हाला तो पकडता येईना. हसून हसून हातात जोरच नव्हता. पहिल्यांदा विहीणबाईंचा हात चुकला, दुसऱ्यांदा माझा. तिसऱ्यांदा आम्ही दोघींनी एकमेकींचाच हात पकडला.

"काकू, दोरी धरा, दोरी!" तो कळवळून म्हणाला. "पुढची माणसं थांबलीत!"

"धरून राहिलो नं भाऊ," विहीणबाई म्हणाल्या, आणि परत चुकल्या.

जमिनीवर पाय टेकले तेव्हा पायांनी आम्हाला ओळख दाखवली नाही. सुनेनं एका बाजूनं आणि मुलानं दुसऱ्या बाजूनं धरून आम्हाला एका बाकावर बसवलं. विहीणबाईंनी आधी ट्रे मागवला, पाठ फिरवून दात बसवले, आणि मग माझ्याकडं वळून नीट 'स' लागतो का पाहायला म्हणाल्या, "संत्रं. साखर. सासू." लागत होता.

मुलगा कोल्ड्रिंक आणायला गेला, सून त्याच्यामागं गेली. आम्ही दोघीच उरलो. सुनेनं गाडीतून थैली आणून आमच्याजवळ ठेवली होती. विहीणबाईंनी त्यातलं एक संत्रं काढलं, अंगठ्यानं साल सोलली, मधोमध फोडलं, आणि अर्धं माझ्यापुढं धरलं.

मला काय झालं कोणास ठाऊक. मी म्हटलं, "आज माझा उपास आहे."

त्यांचा हात हवेतच राहिला. तोंडावरचं हसू गेलं. किती वेळ ते सांगता येत नाही, पण एखादं माणूस हॉस्पिटलात रिपोर्टचं पाकीट फोडतं तेवढा वेळ मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि त्यात मला हवं होतं ते सगळं दिसलं. मग मीच हसले. मग त्यांनी मला दंडावर एक जोरात फटका मारला, इतका जोरात की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं, आणि त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि मी त्यांच्या हातातलं अर्धं संत्रं घेऊन सगळं एकदम तोंडात कोंबलं.

"लय वाईट आहेस वं तू," त्या डोळे पुसत म्हणाल्या. पुसायला काही नव्हतं म्हणून टी-शर्टवरचा मासाच वापरला.

"मला त्या दिवशी खूप लागलं होतं," मी म्हटलं. तोंडात संत्रं होतं तरी नीट म्हटलं. "घरी गेल्यावर मी तो ग्लास तीनदा घासला. कशाला घासला, माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. माफी मागितली नाही आणि मीही माफ केलं असं काही म्हटलं नाही. त्यांनी दुसरं संत्रं सोललं. आम्ही दोघींनी मिळून सात संत्री संपवली. मुलगा आणि सून परत आली तेव्हा आमच्या पायाशी सालींचा ढीग होता, आणि विहीणबाई मला नणंदेची नक्कल करून दाखवत होत्या.

मुलानं काढलेला व्हिडिओ आम्ही गाडीत पाहिला. त्यात बहुतेक आकाश आहे, थोडी घसरगुंडी आहे, आणि शेवटपर्यंत त्याचा अंगठा आहे. आवाज मात्र स्पष्ट आलाय. त्यात एक बाई किंचाळते आणि एक बाई मायवं म्हणते, आणि मग कोण कोणती ते सांगता येत नाही.

काटोलला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात क्रेटांच्या उंच थप्प्या होत्या आणि काही बायका खाली बसून संत्री निवडत होत्या, मोठी एका बाजूला, बारकी एका बाजूला. विहीणबाई परत साडीत होत्या, डोक्यावर पदर होता. व्याही बाहेर आले. शांत माणूस, पांढरा लेंगा-शर्ट, बोलण्याआधी घसा साफ करणारे. त्यांनी मला नमस्कार केला, या म्हणाले, बसा म्हणाले. आम्ही बसलो, आणि विहीणबाईंनी चहा टाकायच्या आधीच सगळं सांगायला सुरुवात केली. पँटपर्यंत सगळं सांगितलं. दात फक्त गाळले, आणि ते गाळताना माझ्याकडं एकदा पाहिलं.

व्याह्यांनी घसा साफ केला. "झुला म्हणजे पाळणा नं? जत्रेतला?"

"पाळणा नाही होय."

"मंग बसाची जागा कोठी राहते त्याले?"

"बसाची जागाच नाही. लटकाचं राहते."

"कसं लटकाचं?"

विहीणबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. खोलीत भिंतीला लागून एक रुंद दिवाण होता, त्यावर स्वच्छ पांढरी चादर. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, आणि त्या दिवाणावर आडव्या पालथ्या झाल्या, डोकं एका बाजूनं बाहेर, पाय दुसऱ्या बाजूनं बाहेर. दोन्ही हात पसरले.

"असं," त्या म्हणाल्या. मग मान वळवून मला म्हणाल्या, "ये नं वं तू बी. एकटीनं नाही समजत त्याइले."

मी पर्स खाली ठेवली, ओढणी काढून खुर्चीवर टाकली, आणि त्यांच्या शेजारी पालथी झाले. त्यांनी माझ्या दंडात दंड घातला. निवडणाऱ्या बायका एक एक करून दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलगा पुन्हा फोन काढून उभा होता. सुनेनं तोंडात ओढणी कोंबली होती.

व्याही आमच्या डोक्यांसमोर खुर्ची ओढून बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि फार लक्ष देऊन पाहत राहिले.

"अन् मंग खाली सोडते?" त्यांनी विचारलं.

"थांबा नं," विहीणबाई म्हणाल्या. "आधी वर तं जाऊ द्या."

आणि आम्ही दोघींनी पाय उचलले.